टोंगाची दाबलहर उपग्रहाच्या तापमानात शोधताना: कामाच्या नोंदी

१५ जानेवारी २०२२ ला टोंगामधला हुंगा टोंगा–हुंगा हापाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि हवेच्या दाबाची एक लाट अख्ख्या पृथ्वीला वळसे घालत फिरली. जगभरच्या दाबमापकांवर ती उमटलीच, पण हवामान उपग्रहांच्या इन्फ्रारेड नोंदींतही सापडली. दाब न मोजणाऱ्या यंत्रात दाबाची लाट कशी दिसते, हे स्वतःच्या हातानं करून बघायचं होतं. त्या खटपटीच्या या नोंदी. हेच करू बघणाऱ्या कुणाच्या चार संध्याकाळी वाचल्या तरी पुरे.

साहित्य: ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, पायथन, त्याची तयार हिशोबसाधनं नमपाय, एक्सअ‍ॅरे, पायप्रोज आणि अर्धी भरलेली बाहेरची हार्ड डिस्क. नोंदी सगळ्या फुकट मिळतात, त्यामुळे खर्च झाला तो वेळेचाच.

४ नोव्हेंबर २०२३

सुरुवातच चुकीच्या दारातून. एका चित्रदर्शकावरून त्या दिवसाची करड्या रंगातली तयार चित्रं उतरवली, दर दहा मिनिटांचं एक, आणि लागोपाठच्या दोन चित्रांची वजाबाकी केली. ढगांच्या कडा सोडून काही दिसलं नाही. रंग ताणले, तेव्हा जिन्यासारखे पट्टे दिसले.

कारण साधं निघालं. तयार चित्रात २५६ छटा असतात आणि त्यात साधारण १६० ते ३३० केल्विन एवढं तापमान कोंबलेलं असतं. म्हणजे एक छटा सुमारे दोन तृतीयांश केल्विनची. शोधायचं काय होतं, हे आधी कागदावर मांडलं असतं तर ही संध्याकाळ वाचली असती. दाब २ हेक्टोपास्कलनं वाढला आणि हवा उष्णता न घेता-देता दाबली गेली, तर ती तापते ०.२८६ × (२ ÷ १०१३) × २८८, म्हणजे जेमतेम ०.१६ केल्विन. किराणा तोलायच्या काट्यावर सोनं तोलायला निघालो होतो.

चित्रं पुसून टाकली. आता मूळ नोंदी.

५ नोव्हेंबर

त्या वेळी पॅसिफिकवर १३७.२ अंश पश्चिमेला गोज-१७ हा अमेरिकेचा हवामान उपग्रह होता. त्याच्या एबीआय या उपकरणाच्या पहिल्या पातळीच्या फाइली अ‍ॅमेझॉनच्या खुल्या साठ्यात आहेत, खातं उघडावं लागत नाही. फोल्डर महिना-तारखेनं नाहीत, वर्षातल्या कितव्या दिवसाची नोंद आहे त्यावरून आहेत. १५ जानेवारी म्हणजे ०१५, इथे सोपं गेलं. पुढे दुसऱ्या एका तारखेसाठी बोटं मोजत बसलो, ती गोष्ट वेगळी.

बँड १३ घेतला, म्हणजे १०.३ मायक्रॉन तरंगलांबीचा इन्फ्रारेड पट्टा. पूर्ण चकतीची, म्हणजे उपग्रहाला दिसणाऱ्या पृथ्वीच्या अख्ख्या बाजूची, एक फाइल वीस-पंचवीस एमबी, दर दहा मिनिटांना एक. ०३:०० ते १६:०० यूटीसी उतरवायला दीड-दोन जीबी लागले. या नोंदींतल्या सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहेत. टोंगाचं घड्याळ तेरा तास पुढे, म्हणजे तिथे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते.

गोज-१७ विषयी एक सावधगिरी. याच्या एबीआयची थंड ठेवण्याची यंत्रणा कक्षेत गेल्यावर नीट चाललीच नाही, त्यामुळे वर्षातल्या काही काळात रात्री त्याचे काही इन्फ्रारेड बँड गढूळ होतात. बँड १३ ला त्याची झळ कमी बसते, म्हणूनही तो आधी निवडला.

फाइलीत असतो तो रेडियन्स, म्हणजे पोचलेल्या किरणांची तीव्रता. त्याचं तापमान करायचे चार स्थिरांक त्याच फाइलीत दिलेले असतात, बाहेर शोधायची गरज नाही. या बँडच्या नोंदी १२ बिटच्या आहेत. मी हिशोब केला तर ३०० केल्विनच्या आसपास एक पायरी सुमारे ०.०३ केल्विनची पडते, पण २०० केल्विनच्या उंच ढगावर तीच ०.१३ होते. थंड ढगाच्या एकट्या पिक्सेलवर भरवसा ठेवू नये, ही खूणगाठ तेव्हाच बांधली.

रात्री लॅपटॉप गोठला. ५४२४ × ५४२४ पिक्सेलची एक चकती ६४ बिटांत ठेवली की २३५ एमबी खाते, आणि मी तेरा तासांच्या सगळ्या चकत्या एकदम वाचायला सांगितल्या होत्या. आता ३२ बिट आणि एका वेळी तीनच फ्रेम.

८ नोव्हेंबर

नुसता फरक पुरत नाही. दोन फ्रेमच्या वजाबाकीत ढगांचं सरकणं, दुपारची तापणारी जमीन, मावळतीची निवणारी जमीन, सगळंच येतं. म्हणून दुसरा फरक: मधल्या फ्रेमची दुप्पट, वजा आधीची, वजा नंतरची. जे सरळ रेषेत वाढतंय किंवा घटतंय ते यात जवळजवळ शून्य होतं, आणि जे झटकन येऊन जातं ते उरतं. ऑस्ट्रेलियाची जमीन, जी नुसत्या फरकात लालभडक होती, दुसऱ्या फरकात गुमान बसली.

लाट मात्र अजून नाही. ढगांच्या कडा ±५ केल्विननं ओरडतायत आणि मी ०.१ ची कुजबूज ऐकायला बसलोय.

११ नोव्हेंबर

दिसली!

फरक काढण्याआधी प्रत्येक फ्रेम ११ × ११ पिक्सेलच्या सरासरीनं गुळगुळीत केली. लाट काहीशे किलोमीटर रुंद आहे, वीस-बावीस किलोमीटरची सरासरी तिला धक्का लावत नाही. मग रंगपट्टी ±०.३ केल्विनवर बांधली आणि फ्रेम एकामागून एक पळवल्या. एकेका स्थिर चित्रात शपथेवर सांगता येणार नाही असं काहीतरी होतं, पण पळवताच हवाईच्या दिशेनं एक बारीक कमान सरकताना दिसली. तिच्यामागे आणखी काही फिकट कमानी. डोळा हलत्या गोष्टीला किती लवकर पकडतो ते कळलं. थांबवलं की गायब, चालवलं की हजर.

यात आडवे फिकट पट्टेही दिसतात, ते लाटेचे नाहीत. एबीआय पूर्ण चकती एकदम टिपत नाही, उत्तरेकडून दक्षिणेकडे २२ पट्ट्यांत झाडून घेतं. त्या पट्ट्यांचे सांधे आहेत ते. हे वाक्य लिहिताना मला कळायला हवं होतं की पुढे हेच मला नडणार आहे. कळलं नाही.

१२ नोव्हेंबर

आता मोजमाप. प्रत्येक पिक्सेलचं ज्वालामुखीपासूनचं अंतर आणि दिशाकोन काढला. वीस किलोमीटरच्या कड्या आणि पाच अंशांच्या फाका केल्या. प्रत्येक खणातल्या दुसऱ्या फरकाचा एक आकडा, आणि मग एका अक्षावर अंतर, दुसऱ्यावर वेळ. लाट असेल तर तिरकी रेष पडायला हवी.

रेष पडली, पण दिशेप्रमाणे नागमोडी. पूर्वेला लाट अपेक्षेपेक्षा साडेनऊशे किलोमीटर पुढे, पश्चिमेला तितकीच मागे. मी मोठ्या उत्साहानं वहीत अर्धं पान लिहिलं: वरच्या थरातल्या वाऱ्यामुळे पूर्वेकडे जाणारी लाट रेटली जाते वगैरे. वाऱ्याचा परिणाम असतो हे खरं, पण पहिल्याच फ्रेमपासून साडेनऊशे किलोमीटर?

१६ नोव्हेंबर

चार दिवसांनी सापडलं. टोंगा २०.५४ अंश दक्षिण, १७५.३८ अंश पश्चिम. मी रेखांशाला उणे चिन्ह दिलं नव्हतं. लाटेचं केंद्र ९.२४ अंश पश्चिमेला सरकलं होतं आणि त्या अक्षांशावर ते ९६३ किलोमीटर होतात. वाऱ्यावरचं अर्धं पान वहीत तसंच ठेवलंय, स्वतःला दाखवायला.

हे काम करणाऱ्यानं पहिल्या दिवशीच एक गोष्ट करावी: केंद्राचा बिंदू चित्रावर उमटवून बघावा. तो धुराच्या छत्रीच्या मधोमध पडायला हवा. मला दोन मिनिटं लागली असती.

जाता जाता अंतराचं सूत्रही बदललं. पृथ्वी गोल धरून केलेला हिशोब अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो. आता पायप्रोजचं लंबगोलावरचं अंतर वापरतो, वेळ थोडा जास्त लागतो, पण एकदाच काढून साठवून ठेवता येतं. उपग्रह हलत नाही, पिक्सेलही हलत नाहीत.

१८ नोव्हेंबर

सरासरीऐवजी मध्यक घेतला, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा. त्याआधी ±२ केल्विनबाहेरचे सगळे आकडे टाकून दिले. एवढ्यानं आलेख स्वच्छ झाला, इतका की आधीच्या आठवड्याचा राग आला. ढगांच्या कडा सरासरीला ओढून नेतात, मध्यकाला त्यांचं फारसं काही वाटत नाही.

उत्तरेच्या फाकेत ३००० किलोमीटरच्या कडीतले लागोपाठचे आकडे, केल्विनमध्ये: ०.००, −०.०१, −०.०६, ०.१३, −०.०७, ०.०१. खाली, वर, खाली. दुसऱ्या फरकात एकटा फुगवटा असाच दिसतो. वर कागदावर ०.१६ काढलं होतं, त्याच्या घरातला हा आकडा. हा सहा आकड्यांचा तुकडा मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवला.

दुसऱ्या बँडचीही चाचपणी केली. बँड १३ निरभ्र आकाशात थेट समुद्राचा पृष्ठभाग बघतो, आणि समुद्राला या लाटेचं सोयरसुतक नाही. त्यामुळे ढग असतील तिथे लाट ठळक आणि मोकळ्या जागी फिकट. पाण्याच्या वाफेचे बँड ८, ९, १० हवाच बघतात, तिथे लाट सलग दिसते, खंड पडत नाही. १३.३ मायक्रॉनचा बँड १६ मोहात पाडतो, कारण तो खालच्या हवेपर्यंत पोचतो, पण त्याची गोंगाटाची मर्यादाच ०.३ केल्विन आहे, बाकीच्यांची ०.१. तो सोडला. पुढचं सगळं ६.९ मायक्रॉनच्या बँड ९ वर केलं आणि १३ ताळ्यासाठी ठेवला. म्हणजे फाइली पुन्हा उतरवणं आलं. एक रात्र गेली.

१९ नोव्हेंबर

वेग काढायला प्रत्येक कडीतला सर्वांत मोठा आकडा शोधणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि रेष जुळवली. २९० मीटर प्रति सेकंद. या लाटेचा वेग ३१० च्या आसपास ठरलेला आहे, तेव्हा हे काही खरं नव्हे.

आलेखावर स्क्रिप्टनं निवडलेले ठिपके टाकून पाहिले. ३५०० किलोमीटरपर्यंत ठिपके पहिल्या रेषेवर, मग अचानक मागच्या रेषेवर उडी. पहिल्या लाटेमागून हळू चालणाऱ्या गुरुत्व लहरी (हवेच्या वर-खाली हेलकाव्यांच्या) येतात, साधारण २५० मीटर प्रति सेकंदाच्या, आणि काही ठिकाणी त्या पहिलीपेक्षा जोरकस दिसतात. स्क्रिप्ट बिचारी मोठं दिसेल त्याच्या मागे गेली. आता आधीच्या कडीतल्या वेळेवरून पुढची अपेक्षित वेळ काढतो आणि तिच्या आजूबाजूच्या वीस मिनिटांतच शोधतो.

उत्तरेकडे ३०७, दक्षिणेकडे ३१७. सुटलेली वेळ, म्हणजे रेष मागे नेऊन अंतर शून्य होतं ती वेळ, ०४:३१.

इथे मी पुन्हा शहाणपणा केला. उत्तरेकडे हिवाळा, हवा थंड, लाट हळू. दक्षिणेकडे उन्हाळा, लाट जलद. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे, आणि म्हणूनच फसायला सोपं. वहीत ‘ऋतूचा परिणाम सापडला’ असं लिहिलं, खाली दोन रेघाही मारल्या.

२५ नोव्हेंबर

हा दिवस सविस्तर लिहितो, कारण सगळ्या प्रकल्पात शिकण्यासारखं हेच होतं.

खुपत होती ती ०४:३१ ही वेळ. भूकंपमापकांवरून उद्रेकाची नोंदलेली वेळ ०४:१४:४५ आहे. माझी लाट सोळा मिनिटं उशिरा निघत होती. कोड ओळीओळीनं वाचला आणि एक चूक मिळाली: दुसरा फरक मधल्या फ्रेमचा असतो, मी त्यावर शेवटच्या फ्रेमची वेळ लिहीत होतो. दहा मिनिटांची सरळ चूक. दुरुस्त केली, ०४:२१ आलं.

छान वाटलं. सोळाचा फरक सहावर आला होता, दिशा बरोबर होती. आणखी एखादी बारीक चूक मिळाली की ०४:१५ वर येऊन बसेल, अशा आशेनं पुढे शोधत राहिलो.

दुसरी चूक मिळाली, पण ती उलट्या दिशेची. फ्रेमची वेळ म्हणून मी फाइलीच्या नावातली सुरुवातीची वेळ घेत होतो. पण ते २२ पट्टे! चकती वरून खाली झाडायला नऊ-साडेनऊ मिनिटं लागतात. उत्तर ध्रुवाकडची ओळ सुरुवातीला टिपली जाते, टोंगाच्या अक्षांशाची ओळ सुमारे साडेसहा मिनिटांनी. म्हणजे माझ्या सगळ्या वेळा तिथे साडेसहा मिनिटं आधीच्या पडत होत्या. ही दुरुस्ती केल्यावर सुटलेली वेळ आली ०४:२८.

म्हणजे दोन चुका एकमेकींना खात होत्या. दोन्ही असताना उत्तर फक्त तीन मिनिटांनी चुकलेलं होतं. एक काढली तेव्हा ते मला हव्या असलेल्या आकड्याकडे गेलं, पण खऱ्यापासून लांब. मी ०४:२१ वर थांबलो असतो तर कुणी विचारलंही नसतं.

मग उद्रेकाविषयी नीट वाचलं. तो एका ठोक्यात झालेला नाही, ०४:०० नंतर टप्प्याटप्प्यानं झाला. आणि इतरांनी ही मुख्य लाट मागे नेऊन काढलेली सुटण्याची वेळही ०४:२८ च्या आसपासच आहे. ज्या ०४:१५ कडे मी आकडा ओढत होतो, तिथे तो जायलाच नको होता.

आता दुसरी गंमत. उपग्रह वरून खाली झाडतो, उत्तरेकडे जाणारी लाट खालून वर. दोघे समोरासमोर. दक्षिणेकडे जाणारी लाट त्याच्या बरोबरीनं. झाडण्याचा वेग जमिनीवर सेकंदाला वीसेक किलोमीटर, लाटेचा ०.३१. दोन्हींचं गुणोत्तर दीड टक्का, आणि नेमक्या एवढ्यानं उत्तरेचा वेग कमी आणि दक्षिणेचा जास्त दिसतो. ओळीप्रमाणे वेळ दिल्यावर उत्तर ३११, दक्षिण ३१३. माझ्या जुळवणीची चूकच तीन-चारची आहे, म्हणजे दोन्ही सारखेच म्हणायचे. ऋतूचा परिणाम गेला, दोन रेघांसकट.

गोजच्या बाबतीत ओळीची वेळ मी सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये सरळ वाटून टाकली. खरं तर ती पट्ट्यापट्ट्यानं पायरीसारखी बदलते. पाव मिनिटाचा प्रश्न आहे, सध्या सोडून दिलाय.

२६ नोव्हेंबर

हिमावारी-८ हा जपानचा हवामान उपग्रह, १४०.७ अंश पूर्व. पश्चिमेकडे जाणाऱ्या लाटेसाठी. इथे एका वेळेची एका बँडची चकती दहा तुकड्यांत येते, प्रत्येक तुकडा दाबलेला. एक तुकडा अर्धवट उतरला होता आणि माझ्या कोडनं त्या जागी मुकाट्यानं शून्यं भरली. इंडोनेशियाच्या रांगेत एक आडवी भिंत उभी राहिली तेव्हा कळलं. आता उतरवल्यावर आधी आकार तपासतो.

एक चांगलं: या फाइलींच्या शीर्षभागात कोणती ओळ कधी टिपली याची वेळ दिलेली असते. कालचा सगळा उपद्व्याप इथे आयता मिळाला.

२ डिसेंबर

हिमावारीत १४:३० ते १४:५० च्या सुमारास अख्खी चकती एकदम उजळते. क्षणभर वाटलं, काहीतरी मोठं सापडलं. पण लाट अख्ख्या चकतीवर एकाच वेळी कशी असेल?

या उपग्रहाची ०२:४० आणि १४:४० ची पूर्ण चकती नसतेच, ती वेळ देखभालीसाठी राखलेली असते. माझा कोड फोल्डरमधल्या फाइली क्रमानं उचलत होता आणि १४:३० नंतर थेट १४:५० ला शेजारीण समजत होता. वीस मिनिटांचं अंतर दहाचं धरलं की दुसऱ्या फरकात ढगांचं सगळं सरकणं उफाळून येतं. त्या तीन वेळांचा फरक काढायचाच नाही असं ठरवलं. मधली फ्रेम अंदाजानं भरून पाहिली होती, पण मग लाटेऐवजी माझाच अंदाज मोजला जातो.

तोटा असा की नेमकी तेव्हा लाट साडेअकरा हजार किलोमीटरवर, बंगालच्या उपसागरावर होती, चकतीच्या कडेला. तिथला तुकडा तुटकच राहिला. तसंही कडेचे पिक्सेल इतके तिरपे असतात की एक पिक्सेल किती जमीन झाकतो याचा नेम नाही. ९००० किलोमीटरपुढचं काहीही रेषेच्या जुळवणीत घेतलेलं नाही.

पश्चिमेकडचा वेगही ३१० च्या घरातच. आकड्याचा उत्साह आता ओसरलाय. दोन वेगळ्या उपग्रहांनी एकच वेळ, ०४:२८ ते ०४:२९, दिली याचा आनंद जास्त झाला.

३ डिसेंबर

टोंगाच्या बरोबर विरुद्ध बिंदू अल्जीरियाच्या दक्षिणेला, सहारात पडतो. तिथे सगळ्या बाजूंनी निघालेली लाट एकत्र यायला हवी. माझ्या वेगानं हिशोब केला तर २२:१७ च्या आसपास. शून्य रेखांशावरच्या मेटिओसॅट-११ या युरोपीय हवामान उपग्रहाच्या नोंदी घेतल्या. यासाठी नाव नोंदवावं लागतं, ते फुकट आहे.

फ्रेम दर पंधरा मिनिटांना, आणि नोंदी १० बिटच्या. १०.८ मायक्रॉनला एक पायरी सुमारे ०.१३ केल्विनची, म्हणजे जवळजवळ लाटेएवढीच. शिवाय निरभ्र सहारावर रात्री हा बँड वाळू निवताना बघत बसणार. त्यामुळे ६.२ मायक्रॉनचा वाफेचा बँड, जिथे पायरी ०.०६ च्या आसपास पडते, आणि सरासरीची खिडकी मोठी.

आणि हो, हा उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे झाडतो. गोजच्या बरोबर उलटा. यावेळी मी ते काम सुरू करण्याआधी बघितलं. २२:१५ च्या फाइलीतली सहाराची ओळ प्रत्यक्षात २२:२३ च्या सुमाराची आहे.

१० डिसेंबर

एक ठिपका होऊन लाट मिटेल अशी माझी कल्पना होती. तसं झालं नाही. कड्या आक्रसत येतात, पण सगळ्या बाजू एकदम पोचत नाहीत. वाटेत कुणाला वाऱ्याचा हात मिळाला, कुणाला अडला, कुणाला डोंगर लागले. बिंदूच्या आजूबाजूला लांबट, वेडावाकडा डाग येतो आणि दोनेक फ्रेममध्ये पलीकडे निघून जातो. पंधरा मिनिटांत लाट २८० किलोमीटर जाते, त्यामुळे नेमका क्षण माझ्या दोन फ्रेमच्या मधे कुठेतरी पडला असणार. स्थिर चित्र दाखवण्यासारखं नाही. पळवून दाखवलं तर समोरच्याला दिसतं, पण ‘इथे बघ’ असं बोट दाखवावं लागतं.

१७ डिसेंबर

शेवटचा प्रयत्न: पूर्ण प्रदक्षिणा करून टोंगाला परतलेली लाट. दाबमापकांवर अशा अनेक फेऱ्या उमटल्यात. चाळीस हजार किलोमीटर म्हणजे साडेपस्तीस तासांहून थोडं जास्त, १६ जानेवारीला, सुमारे १६:०५.

गोज-१७ च्या १६ तारखेच्या फाइली घेतल्या, तोच बँड ९, तेच सगळं. फ्रेम पळवल्या तर काहीच नाही. फाका पाच अंशांऐवजी तीस अंशांच्या केल्या, कड्या वीसऐवजी पन्नास किलोमीटरच्या. उत्तरेच्या फाकेत एक फिकट तिरकी रेष आली, उतार बरोबर, वेळही दहा मिनिटांत जुळणारी, उंची ०.०२ केल्विन.

मग तेच सगळं १४ जानेवारीच्या फाइलींवर चालवलं, उद्रेकाच्या आदल्या दिवशीच्या, जेव्हा कुठलीच लाट नव्हती. तिथेही तीनपैकी एका फाकेत तसलीच एक रेष आली, जवळजवळ त्याच उताराची, ०.०२ चीच.

१६ तारखेची रेष आलेखातून काढून टाकली. १४ तारखेच्या फाइली ठेवल्यात, पहिल्या दिवसाच्या आकड्यांना लावायला. त्या भिंतीवरच्या सहा आकड्यांखाली आता आदल्या दिवसाचे त्याच कडीतले सहा आकडे लिहिलेत: ०.०१, ०.००, −०.०१, ०.०१, −०.०२, ०.०१. हार्ड डिस्कवर तीन जीबी उरलेत.